पाच नंबरची तार

१४ मे, सोमवार

पंपघराचा कॉम्प्युटर आज करून दिला. बोलावलं होतं फक्त बॅटरी बदलायला. बंद केला की तारीख १९८० वर जाते, एवढीच तक्रार होती. पण मी एकदा उघडलेला डबा अर्धवट काम करून बंद करत नाही. सव्वीस वर्षांत केलेला नाही.

आत पालीची दोन अंडी, धुळीचा थर आणि तीन कार्डं. एक पडद्याचं. दुसरं पाण्याची पातळी वाचणारं. तिसरं साउंड कार्ड, ज्यातून मशिदीच्या कर्ण्यावर भोंगा जातो. समुद्र गल्लीत शिरायला लागला, की साठ सेंटिमीटरवर भोंगा वाजतो, सत्तरवर पंप आपोआप सुरू होतात आणि पाणी तिसावर उतरलं की थांबतात. अशी यंत्रं आता भंगारातही मिळत नाहीत. सगळं सेमारांग शहर शोधलं तरी त्यांच्यावर हात ठेवू शकेल असा माणूस मी सोडून कोण आहे, ते मला सांगावं.

साउंड कार्ड काढलं, तर त्याच्या सोनेरी दात्यांपैकी एकावर चिकटपट्टीचा मळकट तुकडा. मी तो सगळ्यांना दाखवला. वस्तीच्या प्रमुख बू वनिंग होत्या, टोफूवाला तुकिमान होता, पंपघराचे राखणदार म्बाह कार्मिन, सगळ्या वस्तीचे आजोबा, किल्ल्या घेऊन उभे होते. म्हटलं, “हे बघा! दुखऱ्या दाढेवर चुना लावावा तसं कुण्या शहाण्यानं चिकटवलंय. असल्या लोकांमुळे यंत्रं मरतात.” तुकिमान हसला. बू वनिंग छताकडे बघत राहिल्या. म्बाह म्हणाले, “हो जी, पाक.” मला सगळे पाकच म्हणतात, साहेब म्हणावं तसं.

खोडरबर घेऊन दाते आरशासारखे केले. भोंगा वाजवून पाहिला, उत्तम. पंप सुरू करून पाहिले, उत्तम. डबा बंद. चारही स्क्रू, पूर्वी दोनच होते.

१६ मे, बुधवार

अमावास्येचं पाणी आज तीन वाजता चढलं. साठवर भोंगा झाला आणि आकडा तिथंच अडकला. बाहेर पाणी चढतंय आणि पडद्यावर साठ म्हणजे साठ. सत्तर आलंच नाही, मग पंप कशाला सुरू होतील? गल्लीत घोटाभर पाणी. तुकिमानच्या भिजत घातलेल्या सोयाबीनच्या टोपल्यांत खारं पाणी गेलं. शेवटी म्बाहनी भिंतीवरचा खटका हातानं ओढला.

पातळीच्या कार्डाला खारी हवा बाधली असणार. माझ्या कामाशी याचा संबंध नाही. परवापर्यंत चालत होतं हे खरं, पण माणूससुद्धा मरायच्या आदल्या दिवशी चालतच असतो.

१७ मे, गुरुवार

पहिला रोजा. सकाळपासून पंपघरात. ओहोटीला सगळं नीट चालतं, हाच संताप आहे. आकडे हलतात, पंप ऐकतात. पाणी नसताना शहाणं आणि पाणी आलं की मुकं.

म्बाह मागे उभे होते. म्हणाले, “पाक, चिकटपट्टी लागेल का? माझ्याकडे आहे.”

मी म्हटलं, “म्बाह, एकही तार उघडी नाही. चिकटपट्टी कशाला?”

“हो जी. असू दे. असली तर बरी.”

वयानं माणूस असा होतो. त्यांना सत्तरी कधीच उलटून गेली.

१९ मे, शनिवार

आज शिस्तीनं पुढे गेलो. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक कार्डाला मुख्य मेंदूला हाक मारायची एक तार असते. दोन कार्डांनी एकाच तारेवरून हाक मारली, तर मेंदूला दोघांचंही ऐकू येत नाही. तेव्हा संशय असा, की भोंगा वाजला की साउंड कार्ड पातळीच्या कार्डाची तार धरून बसतं. पण हा संशय टिकत नाही, कारण हीच दोन कार्डं याच डब्यात अकरा वर्षं सुखानं नांदली.

तरी करून पाहिलं. पातळीच्या कार्डाचा जंपर, म्हणजे तार निवडायची चिमुकली टोपी, पाचावरून सातावर नेला. प्रोग्रॅम म्हणतो, पातळीचं कार्डच नाही. साउंड कार्ड काढून ठेवलं. प्रोग्रॅम सुरूच होत नाही. साउंड कार्डावर जंपर नाहीच, तार कारखान्यातून डाखलेली. खाचा बदलल्या, काही नाही. अकरा वर्षांपूर्वी ज्या कॉलेजच्या मुलांनी हे सगळं लिहून बसवलं, ती कधीच नोकऱ्या धरून पांगली.

रोजा सोडताना बायकोला, लास्त्रीला, सगळं सांगितलं. ती केळ्याचं गोड कोलाक वाढत होती. म्हणाली, “म्बाहना विचारा की. अकरा वर्षं ते त्या डब्याशेजारी झोपतात.”

“अगं, म्हातारा तिसरी शिकलाय.”

“आणि तुम्ही?”

मी नववीपर्यंत आहे. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळतं, आणि ते चूक आहे.

२० मे, रविवार

आज टेबलावर चिकटपट्टीचं काळं वेटोळं. साउंड कार्ड जिथं काढून ठेवतो, बरोबर तिथं. मी उचलून खणात टाकलं. दुपारी नमाज पढून आलो तर पुन्हा टेबलावर. म्हाताऱ्याला या चिकटपट्टीचं वेड लागलंय. चष्म्याची दांडीही तिनंच बांधलीय, आणि माझ्याशी बोलताना सारखा त्या दांडीवरून बोट फिरवत असतो.

“म्बाह, चष्मा नवा करून घ्या.”

“हो जी, पाक. पण हिच्यावरच चाललंय बघा. एवढीशीच आहे, पण निघाली की सगळं आंधळं.”

कुणाला ऐकायला वेळ आहे!

२२ मे, मंगळवार

एक पंप जळला.

कॉम्प्युटर बंद असल्यापासून म्बाह रोज दुपारी बारापासून मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत, खड्ड्याच्या काठावर बसतात. काठीवरच्या लाल खुणेला पाणी टेकलं की खटका ओढायचा, खालच्या खुणेला आलं की सोडायचा. पोटात घोटभर पाणी नाही आणि वरून ऊन. आज असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजाला हातपाय धुवायला उठले आणि पायरीवर चक्कर येऊन बसले. तेवढ्यात पाणी उतरलं, पंप कोरडा फिरला. मी पोचलो तेव्हा मोटारीतून धूर येत होता आणि म्बाह धुराकडे बघत ओल्या पायरीवर तसेच बसले होते. म्हणाले, “माफ करा, पाक.”

मोटार उतरवून गुंडाळी बदलायला पाठवली. तीन आठवडे लागतील म्हणतात. पौर्णिमेला सात दिवस.

२३ मे, बुधवार

बू वनिंगच्या अंगणात बैठक. तुकिमान चिडला होता. “मशीन बंद, माणूस झोपलेला! अहो, माझ्या घरात मासे फिरतात!”

कुणीतरी म्हणालं, “म्बाह झोपले नव्हते.”

“बरं, बसले होते. पंपाला काय फरक पडला?” आणि माझ्याकडे वळून, “पाक मुग्योनो, तुम्ही सांगा. जाणकार तुम्ही.”

मी म्हणालो, यंत्र जुनं आहे, अशा वेळी माणसानं लक्ष ठेवायला हवं.

यातला एकही शब्द खोटा नाही.

ठरलं ते असं: ३ जूनला सगळ्या वस्तीची सभा घ्यायची आणि पंपघरावर तरणा माणूस नेमायचा. म्हणजे म्बाहनी ती खोली सोडायची. तीच त्यांची झोपायची जागा, तेच घर. पुर्वोदादी गावाला एक पुतण्या आहे म्हणे, त्याचीही स्वतःची पाच माणसं. विचारलं तेव्हा म्बाह म्हणाले, “हो जी. जाईन की.”

घरी लास्त्रीनं रोजा सोडायला चहा दिला. साखर नव्हती. मी तसाच प्यालो.

२५ मे, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर एकटा बसलो. मल्टिमीटर घेऊन एकेक दाता मोजला. एका बाजूला एकतीस दाते. डाखणाच्या बाजूचा तेविसावा म्हणजे पाच नंबरची तार. पातळीचं कार्डही त्याच तारेवर. भोंगा वाजला की साउंड कार्ड ती तार खाली दाबून धरतं. म्हणजे शनिवारी मी जे म्हणालो तेच अक्षरशः खरं होतं. प्रश्न उरला एकच. अकरा वर्षं मग हे चाललं कसं?

तेविसाव्या दात्यावर बोट ठेवून बसलो होतो.

ती पट्टी.

२६ मे, शनिवार

काल पुढे काही लिहिलं नाही. आजही लिहिण्यासारखं नाही, पण लिहितो.

कुणाला सांगायची गरज नाही असं ठरवलं. दोष सापडला, उपाय सापडला. सापडला म्हणजे मीच शोधला. म्बाहना म्हटलं, जरा पडा जाऊन. दार लावून घेतलं. ब्लेडनं पट्टीची बारीक चीर कापली, तेविसाव्यावर लावली, कार्ड खाचेत दाबलं. खाचेच्या ओठांनी ती अशी सोलून वर ढकलली, की चुरगळून दोन दात्यांवर बसली. मशीन जागंच झालं नाही. पुन्हा लावली. पुन्हा तेच. पाच वेळा. माझ्या हातात कंप नाही. मी घड्याळातली स्प्रिंग डोळ्याला भिंग न लावता बसवलेली आहे. सव्वीस वर्षांचा हात आणि एक चिकटपट्टी बसेना.

दार उघडलं तेव्हा म्बाह बाहेर पायरीवरच होते. झोपले नव्हते. माझ्या बोटांना चिकटलेले काळे तुकडे त्यांनी पाहिले आणि लगेच समुद्राकडे बघायला लागले.

२७ मे, रविवार

विचारलं. सरळ विचारणं जमलं नाही. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो, पाणी बत्तिसावर होतं.

म्हटलं, “म्बाह, समजा एखाद्याला कार्डाच्या एखाद्या दात्यावर पट्टी बसवायची असली...”

“हो जी. समजा.”

“...आणि खाच ती सोलून काढत असली?”

म्बाहनी बराच वेळ हनुवटी खाजवली. “तर त्यानं पट्टी आखूड घेतली असणार, पाक. आखूड घेतली की निघते. लांब घ्यायची, कार्डाच्या अंगावर वर बोटभर जाऊ द्यायची. आणि खालच्या काठावरून केसभर पुढं न्यायची, म्हणजे खाचेला तिचं टोक सापडत नाही. मग गरम चमच्याच्या पाठीनं दाबायची. असं कुणी केलं तर राहते. म्हणजे, राहत असावी.”

“आणि समजा त्याला कोणता दाता ते ठाऊक नसलं? पुस्तक नसलं, मीटर नसला?”

“मग तो बिचारा एका टोकापासून लागेल. मागच्या टोकापासून, तिकडं उजेड येतो. रोज एक दाता झाकायचा आणि भरती येईपर्यंत बसायचं. आकडा अडकला की पट्टी काढायची, उद्या पुढचा. एक-दोनदा मशीन उठायचंच नाही, तेव्हा तो घाबरायचा. देवाला म्हणायचा, एवढं उठू दे.”

“किती दिवस लागतील त्याला?”

“नवव्या दिवशी नाही अडकला.”

मी मनात मोजलं. एकतीसपासून मागे. एकतीस, तीस, एकोणतीस... नववा म्हणजे तेविसावा.

सोळा तारखेला दोष दिसला. दोन पुस्तकं, एक मल्टिमीटर आणि सव्वीस वर्षं घेऊन मी पंचवीसला पोचलो. म्हणजे दहावा दिवस.

पट्टी त्यांनीच लावली. मी चमचा तापवून दिला.

२९ मे, मंगळवार

पौर्णिमा. दोन वाजल्यापासून अर्धी वस्ती पंपघराच्या दारात. लोकांनी गाद्या कपाटांवर चढवल्या होत्या, मोटरसायकली पुलावर नेऊन लावल्या होत्या. पन्नास. पंचावन्न. साठ, आणि मशिदीवरून भोंगा. एकसष्ट. बासष्ट. सत्तरला पंप घरघरला, एकटाच, पण घरघरला. एकोणऐंशीपर्यंत चढलं आणि तिथं टेकलं. गल्ली ओली झाली, घरं कोरडी राहिली.

तुकिमाननं मला मिठी मारली. “पाक मुग्योनो! हे हात सोन्यानं मढवायला हवेत!” मी मान हलवली. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, मान हलवली. म्बाह मागे कॉफीच्या डब्यात जळलेल्या पंपाचे स्क्रू मोजून ठेवत होते.

मगरिबला तुकिमाननं मोठा डबा भरून टोफू पाठवला.

३१ मे, गुरुवार

हातात काम टिकत नाही. एका रेडिओचं डाखणं तीनदा उकरून काढलं. प्रत्येक वेळी पहिलंच बरं होतं.

लास्त्री म्हणाली, “टोफू चांगला आहे हो. म्बाहना पाठवू का थोडा?”

“पाठव की. मला काय विचारतेस?”

“नाही, डबा तुमच्या नावानं आला ना, म्हणून.”

पाठवला नाही तिनं. झाकून ठेवला, आणि मी जिथं जेवायला बसतो तिथंच ठेवला. आज आंबला.

१ जून, शुक्रवार

गेल्या तीन दिवसांत हिशेब अनेक प्रकारे मांडून पाहिला. पट्टी मी काढली, पण ती तिथं का आहे हे सांगायला कुणी तोंड उघडलं नाही. पंप मशीन बंद होतं म्हणून जळला, पण त्या क्षणी खटक्यापाशी मी नव्हतो. प्रत्येक ओळ बरोबर आहे. बेरीज केली की मात्र पुर्वोदादीची बस येते, आणि तीत मी बसलेला नसतो.

३ जून, रविवार

सभा असरनंतर, मशिदीच्या ओसरीवर. म्बाह सगळ्यांत मागे, चपलांजवळ बसले होते. बाजूला तांदळाच्या पोत्यात बांधलेलं सामान. निर्णय व्हायच्या आधीच बांधून आणलं होतं, उगाच कुणाला थांबायला लागू नये म्हणून.

बू वनिंगनी नोंदवही उघडली. तुकिमाननं गळा साफ केला. आज तो रागावलेला नव्हता, नीट बोलत होता, ते जास्त वाईट. “म्बाहबद्दल आदर आहेच. पण पंप जळला तो जळला. पाक मुग्योनोंनीच सांगितलं, माणसाचं लक्ष हवं.”

म्बाह मागून म्हणाले, “खरंय. आणि मशीनचंही माझ्यामुळंच झालं असेल. मी एकदा आत काहीतरी लावलं होतं, ते जुनं होऊन गळून पडलं असणार.”

गळून पडलं असणार! खोडरबरानं पाच मिनिटं घासून काढलं होतं मी ते.

मी उभा राहिलो. आवाज माझ्या मापाचा आला नाही, मोठा आला. “गळून पडलं नाही. मी काढलं. चौदा तारखेला. कशासाठी आहे ते न विचारता काढलं. मशीन त्यामुळे अडकलं, मशीन अडकलं म्हणून म्बाह उन्हात बसले, म्हणून पंप जळला. मला पंचवीस तारखेपासून माहीत आहे. आणि दुरुस्त केलं तेही मी नाही, म्बाहनी केलं.”

वाटलं होतं, गलका होईल. एकही डोकं वळलं नाही. कुणी बोटांची नखं बघत होतं, कुणी चटईची कड. तुकिमान टोपी काढून तिच्या आत बघत होता.

मग बू वनिंग हळूच म्हणाल्या, “हो जी, पाक. माहीत आहे आम्हाला.”

“कधीपासून?”

“चौदा तारखेपासूनच. तुम्ही ती पट्टी हातात धरून सगळ्यांना दाखवलीत ना. म्बाहची पट्टी कुणाला ओळखू येत नाही? नऊ दिवस आम्ही सगळेच काठावर बसलो होतो त्यांच्याबरोबर.”

“मग बोलला का नाहीत कुणी?”

उत्तर मला ठाऊकच होतं. मी इथंच जन्मलो. मोठ्यानं शहाणपण सांगणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं, ही कुणाच्या आईनं शिकवलेली गोष्ट नाही. ते माझी वाट बघत होते. वीस दिवस, घोटाभर पाण्यात उभं राहून वाट बघत होते, की हा माणूस आपणहून येईल.

“मला बाकी वाटलं होतं, तुम्ही पंपाचं बोलणार नाही,” तुकिमान टोपीत बघतच म्हणाला. “म्हणून मी आपलं म्बाहचं नाव लावून धरलं. नुकसान कुणाच्या तरी नावावर जायलाच हवं ना.”

बू वनिंगनी पेन उचललं. “पंप कुणामुळे जळला, ते लिहायचंय.”

“माझं नाव लिहा,” मी म्हटलं. “पूर्ण लिहा.”

त्यांनी पूर्ण लिहिलं. मग विचारलं, “आणि राखणदार?”

कुणी हात वर केला नाही, कुणी मत मोजलं नाही. तुकिमान उठला, मागे गेला आणि ते पोतं खांद्यावर घेऊन पंपघराच्या वाटेला लागला. म्बाह त्याच्यामागे धावत, “अरे, दे इकडे, जड आहे ते, पाठ धरेल तुझी!”

१३ जून, बुधवार

अमावास्या. दोन दिवसांवर लेबारानची ईद. गुंडाळी भरून आलेली मोटार सकाळी बसवली, दोन्ही पंप जागेवर.

म्बाहना विचारलंच शेवटी. “सरळ का नाही बोललात मला?”

“सरळ बोललो असतो तर तुम्ही पुन्हा पंपघरात पाय ठेवला असता का, पाक?”

नसता ठेवला. मी स्वतःला ओळखतो, निदान एवढं तरी.

दुपारी त्यांना म्हटलं, मी आहे, तुम्ही पडा. या वेळी खरंच पडले, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. अडीचला पाणी चढायला लागलं. पन्नास. छप्पन्न. मी आकड्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होतो. साठला मशिदीच्या कर्ण्यातून भोंगा सुटला, खिडकीची काच थरथरली, मांजर उठून पळालं.

म्बाह हलले नाहीत. अकरा वर्षं या आवाजानं ते ताडकन उठून, पंप लागले नाहीत तर म्हणून, खटक्याकडे जातात.

एकसष्ट. चौसष्ट. सत्तरला दोन्ही पंप लागले. ते तोंड उघडं टाकून घोरत होते. मी पायातल्या चपला काढल्या आणि दार आवाज न करता लोटून घेतलं.